गावच्या सप्ताह समितीची मदत: घ्यावी की नाही?

पऱ्हाटी (धागाकर्ता) · ३ मे २०२५

नमस्कार मंडळी. इथं बरेच दिवस वाचतो, लिहितो कमी. विषय घरचा आहे म्हणून गावाचं नाव सांगत नाही. यवतमाळ जिल्हा, राळेगावकडचा भाग, एवढं पुरे. मी नोकरीसाठी चाकणला असतो. सध्या सुट्टी टाकून गावी आलोय.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आमचं घर जळालं. मातीच्या भिंती, वर कवेलू, मागच्या खोलीवर टिनं. भर दुपारी मीटरजवळ ठिणगी उडाली आणि परसातल्या पऱ्हाटीच्या गंजीनं पेट घेतला. आतल्या खोलीत बारा क्विंटलच्या आसपास कापूस होता. सरकारी भाव ७,५२१, फेब्रुवारीत व्यापारी सात हजारांच्या पुढं बोलायला तयार नव्हता, म्हणून बाबांनी थांबवून ठेवलेला. कापूस पेटल्यावर काय होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. वरून विझला वाटतो, आतून दोन दिवस धुमसतो. माणसं सगळी सुखरूप. एक शेळी गेली. तूर, कपडे, भांडी, कागदपत्रं, पुतणीची पुस्तकं, सगळं गेलं.

आता मुद्दा. आम्ही बौद्ध. वस्ती पंचवीस-तीस घरांची. गावात मारुतीचं देऊळ आहे, दर वैशाखात हरिनाम सप्ताह असतो, त्याची समिती आहे. या समितीनं गावातून आमच्यासाठी वर्गणी केली. ६१ हजार रुपये, छपरासाठी पंचवीस टिनं आणि ज्वारी-गहू.

आग लागली तेव्हा सगळ्यात आधी धावले त्यांत या समितीचीच चार-पाच पोरं होती. एकानं फवारणीचा पंप जोडून ट्रॅक्टर आणला, एकानं विळ्यानं दावी कापून म्हशी बाहेर काढल्या. त्याचा हात कोपरापर्यंत भाजलाय. आणि याच समितीतल्या दोघा वडीलधाऱ्यांनी मागच्या वर्षी १४ एप्रिलची मिरवणूक देवळासमोरून नको म्हणून ठाण्यात अर्ज दिला होता. शांतता समितीची बैठक झाली, मिरवणूक मागच्या रस्त्यानं गेली. यंदाही मागूनच गेली.

मदत द्यायची ती काल्याच्या कीर्तनानंतर, मंडपात, महाराजांच्या हस्ते. आई-बाबांनी स्टेजवर यायचं, शाल-श्रीफळ घ्यायचं, फोटो होणार. काला वैशाख पौर्णिमेला, म्हणजे १२ मेला आहे. त्या दिवशी बुद्धजयंती असते हे समितीतल्या कुणाच्या लक्षात आलं नाही, की आलं आणि तसंच राहू दिलं, मला माहीत नाही. गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकानं लिहिलं, "आतातरी समजलं असेल गाव कोणाचं आहे ते." त्याला दोन अंगठे आले. खाली समितीतल्याच एका पोरानं लिहिलं, "काका, असं बोलू नये."

बाबा म्हणतात, "आग इझवाले आले तवा त्याईनं जात पाह्यली नाई, मंग पैसे घ्याले आपून काहून पाहाची?" भाऊ म्हणतो एक रुपया नको. आई म्हणते, "पैसे घीन, पन मंडपात नाई जाईन." वहिनी काहीच बोलत नाही, सध्या तिघं लेकरं तिच्या माहेरी आहेत.

तुम्ही काय केलं असतं?

ठेचाभाकर · ३ मे

घेऊन टाक ना बाप्पा! पाऊस का थांबते का तुह्या इचारासाठी? मिरगाले महिना राह्यला. टिनं आधी टाक घरावर, भांडाचं मंग पाहून घेजो. तुह्या बुढ्याचं बराबर हाय.

फेरफार · ३ मे

महसूल खात्यात तीस वर्षं काढली, त्यामुळं माझा प्रतिसाद कोरडा वाटेल. पण आधी हक्काचं बघा, मग दानाचं.

पंचनामा झाला का? झाला असेल तर त्याची प्रत हातात घ्या आणि त्यात घराचा प्रकार काय लिहिलाय ते वाचा. मैदानी भागात घर पूर्ण नष्ट झालं तर आपत्ती निधीच्या दरानं १ लाख २० हजार बसतात, पक्कं असो की कच्चं. तलाठ्यानं "झोपडी" लिहिलं की तेच ८ हजारांवर येतं. मातीच्या भिंती आणि कवेलूचं छप्पर हे कच्चं घर, झोपडी नव्हे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा जोडा, त्यात बांधकामाचा प्रकार असतो. कपड्यांचे अडीच हजार आणि भांड्यांचे अडीच हजार वेगळे. शेळीचे ४ हजार, पण पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा शवविच्छेदन अहवाल लागतो. शेळी पुरून टाकली असेल तर निदान पंचांच्या सह्या आणि फोटो असूद्या.

कापसाचे पैसे या निधीतून मिळत नाहीत. मात्र आग मीटरपासून लागली असेल तर विद्युत निरीक्षकाकडे अर्ज करा. त्याच्या अहवालात दोष वीज कंपनीकडं निघाला तर भरपाईचा दावा करता येतो. तिथं घरात कापूस होता हे सिद्ध करायला सातबारावरची ई-पीक पाहणीची नोंद कामाला येते. ठाण्यात आगीची नोंद झाली नसेल तर उद्याच करा.

समितीचा प्रश्न यानंतर. हातात काहीच नसताना माणूस एक निर्णय घेतो आणि सव्वा लाख येणार हे माहीत असताना वेगळा.

पऱ्हाटी · ३ मे

@फेरफार काका, मनापासून आभार. पंचनाम्यात "झोपडीवजा कच्चे घर" लिहिलंय. आता काय करायचं?

फेरफार · ३ मे

"वजा" म्हणजे तलाठ्यानं दोन्ही दरवाजे उघडे ठेवलेत. तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज द्या, नमुना ८ आणि जळण्याआधीचा घराचा एखादा फोटो जोडा. लग्नाच्या अल्बममध्ये सापडतो. पोच घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका.

उजेडवाट · ४ मे

मी स्पष्ट बोलतो. घेऊ नका.

मदतीला माझा विरोध नाही, मंडपाला आहे. ज्यांनी तुमच्या मिरवणुकीला पुढचा रस्ता दिला नाही ते तुमच्या आई-वडिलांना त्याच देवळापुढं बोलावून शाल देणार. फोटो निघाला की पुढच्या वर्षी शांतता समितीत तोच दाखवतील: "बघा साहेब, गावात किती सलोखा आहे, हेच उगाच वाद करतात." तुमच्या घरच्या राखेवर त्यांचं चारित्र्य प्रमाणपत्र छापलं जाईल.

इतिहासही बघा. १९३२ साली अस्पृश्यता निवारणासाठी अखिल भारतीय संघ निघाला, पुढं तो हरिजन सेवक संघ झाला. बाबासाहेब सुरुवातीला त्याच्या मध्यवर्ती मंडळावर होते. त्यांनी संघाचे सरचिटणीस ठक्कर बाप्पांना बोटीवरून लांबलचक पत्र लिहिलं. त्यातली मागणी अशी की आधी नागरी हक्कांसाठी मोहीम करा: गावची विहीर, शाळा, चावडी, सार्वजनिक वाहनं. एकेका माणसाला सुधारण्याचे, शिकवण्याचे, औषध देण्याचे कार्यक्रम नंतर. त्या पत्राची दखल घेतली गेली नाही, ते बाहेर पडले. तुमच्या गावात आज तेच चाललंय. रस्ता देत नाहीत, टिनं देतात.

आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात घेतलेल्या बावीस प्रतिज्ञा आठवा. बुद्धजयंतीच्या दिवशी महाराजांच्या हातून नारळ?

बेंबळाकाठ · ४ मे

उजेडवाट, १९३२ चा दाखला बरोबर आहे, पण तो एका संघटनेत राहायचं की नाही याचा होता. घर जळालेल्या माणसाचा प्रश्न वेगळा. त्याला जवळचा दाखला बडोद्याचा आहे.

१९१३ मध्ये बाबासाहेब कोलंबियाला गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परत येऊन दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार. सयाजीरावांनी पैसे दिले. १९१७ मध्ये ते करार पाळायला बडोद्यात गेले तेव्हा त्याच संस्थानच्या कचेरीत शिपाई लांबून फायली टाकत. राहायला कुणी जागा देईना, पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहिले, तिथून लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी हाकललं. पैसे देणारा राजा आणि फायली टाकणारा शिपाई एकाच संस्थानचे. म्हणून शिष्यवृत्ती घ्यायला नको होती असं कुणी म्हणेल का?

घेतल्यानं ते मिंधे झाले नाहीत. पुढं महाडला जाताना बडोद्याची परवानगी विचारली नाही.

उजेडवाट · ४ मे

चांगला दाखला, पण अर्धा. सयाजीरावांनी करारावर सही घेतली, गळ्यात शाल घालून स्टेजवर उभं केलं नाही. करार बरोबरीनं होतो, अटी दोन्हीकडून असतात. इथं अट एकाच बाजूची आहे आणि ती कागदावर लिहिलेलीही नाही.

बेंबळाकाठ · ४ मे

मग लिहून घ्यावी, इतकंच म्हणतोय मी.

शेवंती · ४ मे

दादा, मी वर्धा जिल्ह्यातली. माझे मालक गेल्यानंतर (शेतकरी होते, कसे गेले ते विचारू नका) एका मंडळानं आम्हा बायांना तालुक्याला बोलावलं होतं. साडी, शिलाई मशीन आणि पाच हजारांचं पाकीट. मशीन खरंच कामाचं निघालं, आजही त्याच्यावर माझं घर चालतं, खोटं कशाला बोलू. पण स्टेजवर माझ्या लेकीसकट फोटो काढला. तो फोटो त्या मंडळाच्या फ्लेक्सवर दरवर्षी लागतो. लेक आता कॉलेजात आहे. बसस्टँडवर स्वतःला बघते, पाच वर्षांची, नाक गळत असलेली, आईच्या पदराला धरून. मी मंडळात जाऊन सांगितलं काढा म्हणून. म्हणाले, "ताई, तुमच्यामुळं बाकीच्या बायांना मदत मिळते." यावर काय बोलणार?

त्या मंडळातही सगळे सारखे नव्हते. एक बाई होत्या, त्यांनी मशीन चालवायला शिकवलं, महिनाभर येत राहिल्या, चहासुद्धा घ्यायच्या. आणि एकजण होते ते पाकीट देताना म्हणाले, "आता नीट राहा." मी काय वाईट राहत होते?

तुमच्या आईचं मला पटलं. पैसे हो, मंडप नाही. तुम्ही भाऊ-भाऊ भांडताय, पण स्टेजवर उभं राहायचं आहे ते आईला. तिचंच ऐका.

भगवा_वादळ · ४ मे

लोक घर बांधून देतात तरी यांना जात दिसते. सगळे हिंदूच आहेत, कशाला *

संपादक · ४ मे

वरील प्रतिसादातील मजकूर काढला आहे. सदस्यास ताकीद दिली आहे. कृपया त्यावर उपप्रतिसाद देऊ नयेत.

टाळकरी · ५ मे

मी अमरावती जिल्ह्यातल्या एका सप्ताह समितीत आहे. दुसऱ्या बाजूनंही कुणी बोलावं म्हणून लिहितो, रागावू नका.

समितीत पंधरा-वीस माणसं असतात. त्यातली तीन-चार कामं करतात, तीन-चार भाषणं करतात, उरलेली नावापुरती. वर्गणीचं पुस्तक घेऊन दारोदार फिरणारी पोरं वेगळी आणि मंडपात पहिल्या रांगेत बसणारे वेगळे. तुमच्या गावातही ट्रॅक्टर आणणारा आणि अर्ज देणारा एकाच पावतीपुस्तकाखाली आलेत, एवढंच. म्हणून "समिती काय विचार करते" याला उत्तर नाही. समिती विचार करत नसते, त्यातली माणसं करतात, आणि आपसात भांडतात.

दुसरं, मंडपात देण्यामागं नेहमी मिरवणं असतंच असं नाही. गावाकडून पैसा गोळा केला की गावासमोर द्यावा लागतो. आमच्याकडं एकदा वीज पडून बैल मेलेल्या माणसाला घरी जाऊन पैसे दिले, तर वर्षभर लोक म्हणत होते समितीनं अर्धे खाल्ले. तेव्हापासून सगळं माईकवर. हिशेब उघडा व्हायला हवा, एवढीच गरज असेल तर त्याला दुसरे रस्ते आहेत: ग्रामपंचायतीच्या फलकावर यादी लावा, धनादेश द्या, ग्रामसभेत वाचून दाखवा. समितीच्या सचिवाला भेटा. अध्यक्षाला नको. अध्यक्षाला मान लागतो, सचिवाला काम उरकायचं असतं.

पऱ्हाटी · ५ मे

@टाळकरी दादा, हे उपयोगाचं. आमचे सचिव शाळेवरचे मास्तर आहेत, मला शिकवलंय त्यांनी. व्हॉट्सअॅपवर "असं बोलू नये" लिहिणारा त्यांचाच पोरगा.

@शेवंतीताई, तुमचं आईला वाचून दाखवलं. म्हणाली, "त्या बाईले सांग, फोटो फाडून टाक म्हनाव." कसा फाडणार, फ्लेक्स आहे.

आणखी एक सांगायचं राहिलं. आई दर हंगामात कापूस वेचायला ज्यांच्या वावरात जाते, त्यांतलं एक वावर त्या अर्ज देणाऱ्यांचंच आहे. किलोमागं दहा रुपये. वस्तीतल्या निम्म्या बाया तिथं जातात. नाही म्हणणं आम्हाला पुण्यात बसून सोपं आहे.

सडाफटिंग · ५ मे

आणि तुमच्या विहार समितीचं काय? तुमचे लोक किती देतायत?

पऱ्हाटी · ५ मे

विचारलंच तर सांगतो. वस्तीतून १४ हजार जमले. तीस घरं, त्यांतली वीस मजुरीवर, त्यामानानं ते ६१ पेक्षा जास्तच आहेत. पण आमच्या घराबद्दल वस्तीतही सगळे एकमताचे नाहीत. बहिणीनं तेल्याच्या मुलाशी लग्न केलं, तेव्हा विहारातल्या काहींनी आमच्याकडं येणं बंद केलं होतं. जातीअंताची भाषणं १४ एप्रिलला, घरात पोरगी निघाली की वेगळं. त्यांतल्या एकानं आता स्वतः पाचशे दिले, वर वहिनीला ऐकवलं की "जावयाकडचे काही देत नाहीत का?" जावयाकडच्यांनी लेकरांसाठी कपडे पाठवलेत, पुरेसे. ते त्याला सांगायला मला वेळ नव्हता.

थोडक्यात, दोन्ही पावतीपुस्तकांत दोन्ही तऱ्हेची माणसं आहेत. भाऊ एकाचे घ्या म्हणतो, दुसऱ्याचे नको. मला तो फरक नीट दिसत नाही. की दिसतो? आपल्यातला माणूस टोमणा मारतो तेव्हा राग येतो. बाहेरचा मारतो तेव्हा भीतीही वाटते. फरक असलाच तर तो आहे.

उजेडवाट · ५ मे

तोच तर फरक आहे. तुमच्या वस्तीतला माणूस टोमणा मारून घरी जातो. २००६ साली भंडारा जिल्ह्यात खैरलांजीला एका बौद्ध कुटुंबाला गावातल्याच लोकांनी मारलं. ओळखीचेच होते सगळे. भीती कुठून येते ते आपल्याला शिकवावं लागत नाही.

तरीही तुम्ही जे लिहिलंत त्यावर विचार केला. आईनं पैसे घ्यायला माझी हरकत नाही. मंडपाला आहे, ती राहील.

मास्तर_निवृत्त · ६ मे

उत्तम चर्चा. थोडं अवांतर. आपल्याच शेंडगावचे गाडगेबाबा. आयुष्यभर मागत फिरले, शेठ-सावकारांकडून लाखो आणले, त्यात धर्मशाळा उभ्या केल्या. कीर्तनात त्याच शेठ-सावकारांना आणि देवळातल्या दगडालाही सोडलं नाही. देणाऱ्याचं तोंड बघून बोलणं बदललं नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. सप्ताहवाल्या मंडळींच्या तोंडी बाबांचं नाव असतंच. मदत घ्या आणि मिरवणुकीबद्दल बोलायचं ते बोला, एवढंच सुचवतो.

ठेचाभाकर · ६ मे

मास्तर, गाडगेबाबा एकटे होते, त्याईले ना घर ना वावर. याच्या मायले त्याच वावरात येचाले जाचं हाय. बोलनं तिले महाग पडन, तुमाले नाई.

मास्तर_निवृत्त · ६ मे

मान्य.

फेरफार · ६ मे

दुरुस्तीचा अर्ज दिला का? बाकी सगळं नंतर.

पऱ्हाटी · १४ मे

उशिरा लिहितोय, नेटवर्क आणि धावपळ दोन्ही कारणं.

काका, अर्ज दिला, पोच घेतली. मंडळ अधिकारी येऊन पडलेल्या भिंती मोजून गेले. अल्बममध्ये फोटो सापडला, बहिणीच्या हळदीचा. मागं कवेलू स्पष्ट दिसतंय. अल्बम मामाकडं होता म्हणून वाचला. विद्युत निरीक्षकाचं अजून काही नाही.

सचिव मास्तरांना भेटलो. मी आणि आई. भाऊ आला नाही, बाबा दारात उभे राहिले. आई सरळ बोलली. पैसे, टिनं, ज्वारी आम्ही घेतो, गावानं दिलं त्याचं नाव राहील. शाल-नारळ नको. मंडपात येणार नाही, त्या दिवशी विहारात वंदना असते, पांढरी साडी नेसून मी तिथं बसणार. फोटो नको. रक्कम ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, कुणी किती दिले तेही लावा. आणि मिरवणुकीचा विषय याच्यात आणू नका, तो आम्ही बैठकीत बोलू, जसा आजवर बोलत आलो.

शेवटचं वाक्य तिनं बोलावं असं आमचं ठरलं नव्हतं. मी तोंडाकडं बघतच राहिलो.

मास्तर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "समितीत विचारावं लागेल." विचारलं. भांडण झालं, म्हणे जोरात झालं. अध्यक्ष म्हणाले महाराजांचा अपमान होतो. अर्ज देणाऱ्या दोघांनी आणि त्यांच्या भावकीतल्या एकानं आपली वर्गणी परत मागितली. ज्यांनी ट्रॅक्टर आणला होता ते म्हणाले, आमची परत नको. शेवटी ६१ चे ४३ हजार झाले. टिनं मात्र सगळी आली, कारण ती दुकानदाराकडून आधीच उचललेली होती आणि तो परत घ्यायला तयार नव्हता. (गावात तत्त्वाचे बरेच प्रश्न असेच सुटतात.)

पैसे परवा ग्रामपंचायतीत धनादेशानं दिले. सरपंच, सचिव, विहाराचे दोघं आणि ती पोरं. फलकावर यादी लागली. त्यात हात भाजलेल्या पोराच्या नावापुढं शंभर रुपये आहेत. त्याच्या औषधाला वस्तीनं आपल्या १४ हजारांतले काही द्यावे असं बाबा म्हणाले. विहारात त्यावरही वाद झाला, पण दोन हजार दिले. त्याच्या आईनं आधी नाही म्हटलं, मग घेतले.

काल्याच्या दिवशी आई विहारात होती. मंडपात माईकवर काय बोलले ते मी ऐकलं नाही. कुणी म्हणतं आमचं नाव घेतलं, कुणी म्हणतं नाही.

शेवंती · १४ मे

आईला माझा जयभीम सांगा.

उजेडवाट · १४ मे

१८ हजार गेले, पण ते कुणाचे गेले हे फलकावर दिसतंय. वेचणीचं काय होणार? त्या वावरात आता बोलावतील का?

पऱ्हाटी · १५ मे

वेचणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, तोवर सांगता येणार नाही. निंदणाला बोलावतात की नाही ते जुलैतच कळेल. आईला विचारलं तर म्हणते, "त्याले बी मजूर कोठी भेटून राह्यले?" खरं आहे, मजूर मिळत नाहीत सध्या. पण त्यानं दुसऱ्या गावच्या बाया गाडीनं आणल्या तर? तेही होतं आमच्याकडं.

भाऊ अजून बोलत नाही माझ्याशी. टिनं मात्र त्यानंच ठोकली.

टाळकरी · १५ मे

सचिवांना सांभाळा. अशा बैठकीनंतर पुढच्या वर्षी सचिव बदलतात. तुमची पोरं समितीत नसली तरी वर्गणीचं पुस्तक वस्तीत येतं ना? येऊ द्या. पुस्तक घेऊन येणारं पोरगं कोण आहे त्यावरून तुम्हाला समितीत काय चाललंय ते कळेल.

पऱ्हाटी · १५ मे

येतं. बाबा दरवर्षी १०१ देतात. भाऊ म्हणतोय यंदा देऊ देणार नाही, बघू.

ठेचाभाकर · १६ मे

बियान्याचं काय? वावर का पडीत ठेवतं?

पऱ्हाटी · १६ मे

चार एकर कपाशी. एकरी दोन बॅगा म्हटल्या तरी आठ. बॅग ९०१ रुपयांची, खत वेगळं. ४३ हजारांतून भिंती आणि बियाणं दोन्ही होत नाही, म्हणून यंदा दोन एकर सोयाबीन टाकायचं म्हणतोय, घरचं बियाणं जळालं तरी मामाकडं आहे.

ठेचाभाकर · १६ मे

माह्याजवळ दोन बॅगा जास्तीच्या हायेत, पोरानं डबल आनल्या. कळंबले येत असशीन तं घेऊन जाजो. पैसे दिवाळीले देजो, कापूस इकल्यावर. शाल नाई देत, भेव नको.

पऱ्हाटी · १६ मे

येतो रविवारी. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

फेरफार · १६ मे

मामाकडच्या सोयाबीनची उगवणशक्ती तपासून घ्या. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळा. सत्तरच्या खाली उगवले तर ते बियाणं नकोच.